हजेरी लागते, मन लागते का?

स्वारगेटच्या चौकात राज्य परिवहन महामंडळाचे बसस्थानक, पुणे महानगर परिवहन महामंडळाचे अर्थात ‘पीएमपी’चे मुख्यालय आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले भूमिगत मेट्रो स्थानक अशी सार्वजनिक वाहतुकीची तीन ठाणी हाकेच्या अंतरावर उभी आहेत. मेट्रोचे फलाट झाले, रस्त्यावर उड्डाणपूल झाला, बसमध्ये मोबाइलवरून तिकिटाचे पैसे देता येऊ लागले. तरीही प्रवाशाचा प्रवास सुखाचा होतो की मनस्तापाचा, हे अखेर चालक आणि वाहक या दोन माणसांवर ठरते. थांब्यावर धावत येणाऱ्या वृद्धेसाठी चालक क्षणभर थांबला, चुकीच्या गाडीत बसलेल्या विद्यार्थ्याला वाहकाने योग्य थांबा सांगितला, तर त्याबद्दल कोणताही भत्ता मिळत नाही. आणि तसे केले नाही, तर कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. नियमपुस्तिकेच्या पलीकडचा हा जो कामाचा भाग असतो, तो कर्मचाऱ्याने मनापासून करावा यासाठी नेतृत्वाने काय करायचे, हा व्यवस्थापनशास्त्रातील आज सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न आहे. वातानुकूलित सभागृहांत त्यावर कार्यशाळा होतात. त्याची खरी परीक्षा मात्र स्वारगेटसारख्या ठिकाणी होते.

संकल्पना जुनी, आकडे चिंताजनक

कर्मचारी आपल्या कामात किती ‘उतरतो’, या अर्थाने ही संकल्पना प्रथम मांडली ती अमेरिकी अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये. माणूस कामात स्वतःला ओततो की केवळ शरीराने हजर राहतो, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते: काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळेपणाने बोलण्यात धोका नसणे आणि काम करण्यासाठी लागणारी शारीरिक व मानसिक शक्ती शिल्लक असणे. त्याआधी १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्गमधील अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला होता. वेतन, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की असंतोष निर्माण होतो. मात्र त्या सुधारल्या की आपोआप उत्साह निर्माण होतोच असे नाही. उत्साह येतो तो कामातील यशातून, त्या यशाच्या दखलीतून आणि जबाबदारीतून.

‘गॅलप’ या संस्थेच्या जागतिक पाहणीनुसार २०२३ मध्ये जगातील २३ टक्के कर्मचारी कामाशी मनाने जोडलेले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. ही घसरण सामान्य कर्मचाऱ्यांपेक्षा मधल्या फळीतील व्यवस्थापकांमध्ये अधिक होती. ज्यांनी इतरांना उभारी द्यायची, त्यांचाच उत्साह आटत आहे, असा त्याचा अर्थ. स्वारगेटच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

पगाराची तारीख हेच पहिले वचन

पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. या दोघांची नावे पाऊणशे वर्षांनंतरही महामंडळाच्या वर्धापनदिनी आदराने घेतली जातात. आपल्या पहिल्या कर्मचाऱ्यांना नावाने ओळखणाऱ्या संस्था फार नाहीत. एसटीच्या नोकरीला ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ जी प्रतिष्ठा होती, तिचे मूळ या ओळखीत होते.

त्या प्रतिष्ठेला सर्वांत मोठा तडा गेला तो वेतनाच्या अनिश्चिततेने. करोनाकाळात गाड्या उभ्या राहिल्या, उत्पन्न आटले आणि वेतन महिनोन्‌महिने थकले. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा कुठे सरकारी मदतीची चक्रे फिरली. वर्षभराने, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे या मागणीसाठी संप सुरू झाला. तो साडेपाच महिन्यांच्या आसपास चालला. उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा निष्कर्ष काढला आणि कर्मचाऱ्यांनी २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतावे, असे न्यायालयाने सांगितले. विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही.

या संपाकडे केवळ वेतनवाढीचा लढा म्हणून पाहणे अपुरे आहे. संप सुरू असतानाच २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली आणि दरमहा दहा तारखेपर्यंत वेतन देण्याची हमीही दिली. तरीही मोठ्या संख्येने कर्मचारी संपावर ठाम राहिले. विलीनीकरणाच्या मागणीत पैशाइतकाच हमीचा प्रश्न होता. शासनाचा कर्मचारी झालो तर पगाराची तारीख तरी चुकणार नाही, ही भावना त्यामागे होती. महामंडळाच्या शब्दावरचा विश्वास उडाल्यामुळे कर्मचारी अधिक मोठ्या मालकाचा शोध घेत होते.

त्या वेतनवाढीची रचनाही बोलकी होती. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षे सेवा झालेल्यांना चार हजार आणि त्याहून ज्येष्ठांना अडीच हजार रुपये. कमी पगार असलेल्यांना अधिक वाढ, हा त्यामागील हिशेब समजण्यासारखा होता. परंतु उभी हयात स्टिअरिंगमागे घालवलेल्या चालकाला त्यात आपल्या ज्येष्ठतेची किंमत कमी झालेली दिसली. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, पुन्हा संप झाला. तेव्हा २०२१ ची वाढ धरून सर्वांना सरसकट साडेसहा हजार रुपयांची वाढ देण्याचा तोडगा निघाला आणि ज्येष्ठांची तफावत भरून निघाली. वेतन किती, याबरोबरच ते न्याय्य वाटते का, हा प्रश्न कर्मचारी सतत विचारत असतो. तो प्रश्न वेळेवर ऐकला असता, तर कदाचित ऐन सणाच्या काळात प्रवाशांना स्थानकांवर ताटकळावे लागले नसते.

आगारातील खिडकी

वेतनाचे निर्णय मंत्रालयात होतात, परंतु चालक-वाहकाचा ‘साहेब’ मंत्रालयात बसत नाही. त्याच्या दृष्टीने महामंडळ म्हणजे आगारातील ती खिडकी, जिथे उद्याची ड्युटी कळते. कोणाला मुक्कामी गाडी, कोणाला जवळची फेरी, कोणाची रजा मंजूर, कोणाची नामंजूर, हे सारे तिथे ठरते. घरी आजारी आई असलेल्या वाहकाला सलग रात्रपाळ्या लागल्या आणि त्याचे कारण कोणी सांगितले नाही, तर वरून आलेले कोणतेही परिपत्रक त्याचे मन जिंकू शकत नाही.

स्वारगेट आगाराने या विषयातील अत्यंत कटू अनुभव घेतला आहे. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी एका चालकाने आगारातून गाडी बाहेर काढून शहराच्या रस्त्यांवर बेफाम चालवली. त्यात नऊ निरपराध नागरिकांचा बळी गेला. आपली ड्युटी बदलून मिळावी, अशी मागणी त्याने केली होती आणि ती नाकारण्यात आली होती, ही बाब खटल्यात पुढे आली. न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. वेडसरपणाचा बचाव टिकला नाही आणि फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलली. ड्युटी नाकारली गेली म्हणून त्या कृत्याचे समर्थन कोणीही करणार नाही, करूही नये. हजारो चालकांच्या मागण्या रोज नाकारल्या जातात आणि ते मुकाट्याने गाडी काढतात. पण शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती आहेत, त्या माणसाची मनःस्थिती जाणून घेण्याची कोणतीही व्यवस्था आगारात असते का, हा त्या दिवसाने उभा केलेला प्रश्न आजही तितकाच गंभीर आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर स्थानकातील सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश निघाले, चौकशी लागली, आवारात पडून असलेल्या गाड्यांची चर्चा झाली. अशा घटनांनंतर कारवाई आवश्यकच असते. परंतु आवारातील कोणता कोपरा अंधारा आहे, कोणती गाडी बंद अवस्थेत पडून आहे, रात्री तेथे कोण वावरते, हे अधिकाऱ्यांपेक्षा सफाई कामगाराला, यांत्रिकाला आणि मुक्कामी वाहकाला अधिक ठाऊक असते. ही माहिती वर पोहोचण्याचा मार्ग मोकळा असणे आणि ती सांगणाऱ्याला ‘तुला काय करायचे आहे’ असे ऐकावे न लागणे, हाच कान यांनी सांगितलेला ‘बोलण्यात धोका नसणे’ याचा व्यवहारातील अर्थ आहे. कर्मचाऱ्यांचे मन कामात असणे हा म्हणूनच प्रवाशांच्या सुरक्षिततेचाही भाग ठरतो.

बदलते साहेब

चौकाच्या दुसऱ्या बाजूची कहाणी वेगळी आहे. पुण्याची ‘पीएमटी’ आणि पिंपरी-चिंचवडची ‘पीसीएमटी’ यांच्या विलीनीकरणातून २००७ मध्ये ‘पीएमपी’ची स्थापना झाली. दोन्ही महापालिकांचा हिस्सा अनुक्रमे ६० व ४० टक्के. दोन संस्थांचे दोन कर्मचारीवर्ग, त्यांच्या वेगवेगळ्या सवयी आणि वेगवेगळ्या संघटना एका छताखाली आल्या. अशा संस्थेला सर्वाधिक गरज असते ती स्थिर नेतृत्वाची आणि नेमकी तीच इथे दुर्मीळ ठरली.

ऑक्टोबर २०२२ पासून तीन वर्षांच्या आत ओमप्रकाश बकोरिया, सचिंद्र प्रताप सिंह, संजय कोलते, दीपा मुधोळ-मुंडे आणि पंकज देवरे असे पाच अधिकारी अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकपदी आले. यापैकी कोणाच्या कार्यक्षमतेचा हा प्रश्न नाही. नवा अधिकारी येतो, आगारांना भेटी देतो, काही निर्णय घेतो आणि त्या निर्णयांची फळे दिसण्यापूर्वी त्याची बदली होते. कर्मचाऱ्यांच्या मनात मग एक हिशेब पक्का होतो. साहेब जाणार आहेत, आपण राहणार आहोत. नव्या योजनेत जीव ओतण्यापेक्षा ती ओसरण्याची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते.

तुकाराम मुंढे यांची मार्च २०१७ ते फेब्रुवारी २०१८ ही कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. वेळेवर हजेरी, गैरहजेरीवर कारवाई, कामाचे काटेकोर वाटप हा त्यांचा खाक्या होता. सैल पडलेल्या संस्थेला शिस्तीची गरज आहे, असे मानणाऱ्या अनेक प्रवाशांनी त्याचे स्वागत केले. कामगार संघटनांनी तीव्र विरोध केला. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि वादाचा निकाल लागलाच नाही. शिस्त आणि आपुलकी या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा समज त्या काळात दृढ झाला, तो मात्र चुकीचा आहे. दररोज वेळेवर येणाऱ्या वाहकाला सर्वाधिक चीड येते ती गैरहजर सहकाऱ्याची, कारण त्याचे ओझे यालाच वाहावे लागते. सर्वांना सारखी लागू होणारी शिस्त प्रामाणिक कर्मचाऱ्याला हवीच असते. तिला विरोध होतो तो ती केवळ खालच्या पायरीपुरती असते तेव्हा, किंवा बाजू ऐकून न घेता शिक्षा होते तेव्हा. शिवाय एका व्यक्तीच्या धाकावर उभी राहिलेली शिस्त त्या व्यक्तीबरोबरच निघून जाते.

एक बस, दोन मालक

‘पीएमपी’च्या ताफ्याचा मोठा भाग आता ठेकेदारांच्या मालकीचा आहे. या गाड्यांवर चालक ठेकेदाराचा आणि वाहक महामंडळाचा असतो. एकाच गाडीत, एकाच गर्दीत, एकाच उन्हात दोघे आठ तास काम करतात. परंतु त्यांची वेतनश्रेणी, रजा आणि निवृत्तीची तजवीज सारखी नसते. मार्च २०२३ मध्ये थकीत बिलांवरून ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या, तेव्हा पुणेकरांना या रचनेची झळ प्रत्यक्ष बसली. चालकाने ताडकन ब्रेक मारला, थांबा सोडून पुढे गाडी नेली, तर प्रवासी दोष ‘पीएमपी’ला देतो. चालक मात्र स्वतःला ‘पीएमपी’चा मानत नाही, कारण ‘पीएमपी’ही त्याला आपला मानत नाही. माहिती-तंत्रज्ञान उद्योगापासून रुग्णालयांपर्यंत कंत्राटी मनुष्यबळाचे प्रमाण वाढत असताना हा प्रश्न केवळ बसपुरता राहिलेला नाही. गणवेश आपला आणि माणूस परका, अशी व्यवस्था ठेवून बांधिलकीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

दर सोमवारी, दर शुक्रवारी

या पार्श्वभूमीवर एसटी महामंडळाने १५ जुलै २०२४ पासून सुरू केलेल्या उपक्रमाची दखल घ्यायला हवी. विभाग नियंत्रकांनी दर सोमवारी व शुक्रवारी एकेका आगारात जायचे. सकाळच्या सत्रात ‘प्रवासी राजा दिन’, म्हणजे प्रवाशांच्या तक्रारी. दुपारी तीन ते पाच ‘कामगार पालक दिन’, म्हणजे चालक, वाहक, यांत्रिक यांच्या ड्युटी, रजा व गैरसोयींविषयीच्या तक्रारी. प्रवासी आणि कर्मचारी या दोघांचे म्हणणे एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याने, एकाच ठिकाणी ऐकायचे, यात मोठे शहाणपण आहे. प्रवाशाची तक्रार आणि कामगाराची व्यथा ही पुष्कळदा एकाच नाण्याच्या दोन बाजू असतात, हे त्यातून आपसूक उमगते. गाडी उशिरा सुटली ही सकाळची तक्रार आणि गाडीचे काम करायला सुटा भाग नव्हता ही दुपारची तक्रार जोडून पाहिली, की दोष कुठे आहे ते कळते.

अशा उपक्रमाचे यश मात्र ऐकण्यावर नव्हे, उत्तरावर ठरते. पहिल्या सोमवारी मांडलेल्या अडचणीचे काय झाले, हे दुसऱ्या खेपेस सांगितले गेले, तर तिसऱ्या खेपेस अधिक लोक बोलतात. ‘हे शक्य नाही आणि त्याचे कारण हे’ असे स्पष्ट उत्तरही चालते. उत्तरच आले नाही, तर रांग आटते आणि अधिकारी समाधानाने नोंद करतात की तक्रारी कमी झाल्या! दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. तक्रार आगारप्रमुखाविरुद्ध असेल आणि विभाग नियंत्रकांच्या शेजारच्या खुर्चीत तेच बसले असतील, तर कोण तोंड उघडणार? तक्रारदाराला दुसऱ्या दिवशी दूरची मुक्कामी गाडी लागली नाही ना, हे वरिष्ठांनी स्वतः पाहिले पाहिजे.

‘पालक’ हा शब्दही विचार करायला लावणारा आहे. त्यात जिव्हाळा आहे, तशीच एक उतरंडही आहे. वीस वर्षे घाटरस्त्यांवर सुरक्षित गाडी चालवणारा माणूस पाल्य नव्हे. त्याच्याकडे मार्गाचे, वेळापत्रकाचे आणि प्रवाशांचे असे ज्ञान आहे, जे कोणत्याही अधिकाऱ्याकडे नाही. त्याला तक्रारीपुरते बोलावणे हा आरंभ ठरू शकतो. वेळापत्रक ठरवताना त्याला विचारणे ही पुढची पायरी होय.

मनाचे श्रम

वाहकाच्या कामाकडे आणखी एका अंगाने पाहायला हवे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असले तरी चेहरा प्रसन्न ठेवणे हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात. एसटीत २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. प्रवाशांच्या दृष्टीने हे स्वागतार्ह निर्णय होते. गाडीतील गर्दी वाढली, तसे ओळखपत्र तपासण्याचे, वाद मिटवण्याचे आणि समजूत घालण्याचे काम वाहकाच्या शिरावर आले. त्या श्रमांचा हिशेब तिकीट यंत्रात उमटत नाही. याउलट मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्याने सुट्या पैशांवरून होणारी रोजची हुज्जत कमी होऊ शकली. कर्मचाऱ्याच्या वाटेतील एक रोजचा काटा काढणे, हा त्याच्या उत्साहावरचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय असतो, याचे हे उत्तम उदाहरण.

काचेच्या इमारतींतही तेच

हा प्रश्न सरकारी महामंडळांपुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. पुण्यातील एका बहुराष्ट्रीय लेखा-सल्लागार कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा जुलै २०२४ मध्ये मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाबरोबरच, अंत्यसंस्काराला कंपनीतील कोणीही आले नाही, ही त्या मातेची वेदना अधिक बोचरी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तर जानेवारी २०२५ मध्ये ‘लार्सन अँड टुब्रो’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या विधानावर गदारोळ उठला. या वादात एक मूलभूत गल्लत झाली. तास हे हजेरीचे माप आहे. मन लागल्याचे ते माप नव्हे. थकलेला चालक अधिक तास गाडी चालवतो म्हणून कोणी त्याला निष्ठावान म्हणत नाही. त्याला धोकादायक म्हणतात. संगणकासमोर बसणाऱ्याबाबत हा साधा नियम का विसरला जातो?

नेतृत्वाची कसोटी

स्वारगेटच्या अनुभवातून काही गोष्टी पुरेशा स्पष्ट होतात. वेतनाची तारीख, सुरक्षित विश्रांतिगृह, स्वच्छ प्रसाधनगृह या मूलभूत गोष्टी ज्या नेतृत्वाला सांभाळता येत नाहीत, त्याने गौरव सोहळ्यांवर खर्च करू नये. ड्युटी आणि रजेचे वाटप ज्या नियमाने होते तो नियम भिंतीवर लावला, तर निम्म्या तक्रारी तेथेच मिटतील. ज्याच्या हाती ही खिडकी आहे, त्या आगारप्रमुखाला माणसे हाताळण्याचे प्रशिक्षण, अधिकार आणि स्वतःलाही श्वास घेण्याइतकी उसंत द्यायला हवी, कारण वरचा आदेश आणि खालचा रोष या कात्रीत सर्वाधिक तोच सापडलेला असतो. प्रमुख अधिकाऱ्याला निश्चित कार्यकाळ मिळायला हवा, ही जबाबदारी सरकारची. संपाच्या टेबलावर नाइलाजाने दिलेल्या गोष्टीपेक्षा न मागता, वेळेवर दिलेली गोष्ट कर्मचाऱ्याला अधिक काळ लक्षात राहते, हेही २०२१ आणि २०२४ या दोन्ही संपांनी शिकवले आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही उत्तरदायित्व येतेच. साडेपाच महिन्यांच्या संपात गावोगावच्या विद्यार्थ्यांची आणि रुग्णांची जी परवड झाली, तिचा विसर पडता कामा नये. सार्वजनिक सेवेत नाराजीची किंमत तिसराच माणूस मोजतो आणि त्या माणसाचा विश्वास गमावला, तर नोकरीला मिळणारी प्रतिष्ठाही उरत नाही. मात्र विश्वासाची सुरुवात ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच करायची असते. हजेरी वहीत लावता येते, यंत्रावर अंगठा ठेवूनही लावता येते. मन लावण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. ते काम आगाराच्या खिडकीत बसलेल्या माणसालाच, रोज, नव्याने करावे लागते.